सदुसष्ट कोयत्यांची टोळी

शुक्रवार, २७ सप्टेंबर २०२४. सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

या वेळेला मी सिरसाळ्याच्या ऑफिसात छबुबाईंच्या फॉर्मवर नॉमिनीचे नाव लिहीत होतो. वेळ मुद्दाम लिहून ठेवली आहे. आजपर्यंत मी भरलेल्या फॉर्मवर दुसऱ्याचे इतके पैसे कधी लिहिले नव्हते. नव्वद हजार. शून्ये चार आहेत ना, हे मी तीनदा मोजले.

माझे शिक्षण नववी. रामहरी सर सहकारी बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांनी म्युच्युअल फंडाचे लायसन काढले. फॉर्म भरणे, आधार-पॅन जुळवणे, लोकांच्या घरी जाऊन सह्या आणणे हे माझ्याकडे. पॅनवर एक अक्षर जास्त असले तरी फॉर्म परत येतो. माझा एकही आलेला नाही.

छबुबाई (मी त्यांना मावशी म्हणतो) आणि त्यांचे मालक राधाकिशन दोघे ऊसतोडीला जातात. बंकट मुकादमाने या हंगामासाठी त्यांच्या कोयत्याला एक लाख दहा हजार उचल दिली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल म्हणजे आधी घेतलेली मजुरी, जी पुढे चार-पाच महिने ऊस तोडून फेडायची. त्यातले नव्वद हजार मावशींनी बँकेत भरून चेक आणला. मुलगी करिष्मा बारावीला आहे. तिला नर्सिंगला घालायचे आहे. पुढच्या जुलैत फी.

सर म्हणाले, दहा महिन्यांचेच पैसे आहेत, बँकेतच ठेवा. मी मध्ये बोललो. छोट्या कंपन्यांच्या फंडाने गेल्या वर्षात किती दिले ते मला पाठ होते, म्हणून बोललो. मावशींनी सरांकडे न बघता मला विचारले, "तुझे किती हायेत त्यात?"

मी सांगितले, महिन्याला हजार, तीन वर्षे होत आली.

"मग माझे बी त्यातच टाक."

सर म्हणाले, तुमचे तुम्ही ठरवा, आणि चहा सांगायला बाहेर गेले. तेवढ्यात मावशींनी विचारले की या पैशाचे ते लोक करतात काय. मी यादी दाखवली. सदुसष्ट कंपन्या. कोणी पंपाचे सुटे भाग करते, कोणी औषधाच्या गोळ्या, कोणी फरशी. तुमचा पैसा सगळ्यांत थोडा थोडा जातो, ते काम करतात आणि वाढवून देतात.

त्यांनी यादीवरून बोट खालपर्यंत नेले. वाचता येत नाही, पण ओळी मोजत असाव्यात. मग म्हणाल्या, "मंजी सदुसष्ट कोयते. आन उचल मी दिली."

मी तीन वर्षे हे काम करतो, पण असे मला कधी दिसले नव्हते.

त्यानंतर मी एक वाक्य बोललो, ते इथे लिहितो कारण खोटे लपवायचे नाही असे ठरवून ही वही आणली आहे. मी म्हणालो, "कमी नाही होणार, मावशी." फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात याच्या उलट छापलेले असते.

मावशींचा फोन बटणांचा आहे, म्हणून फॉर्मवर करिष्माचा मोबाईल आणि ईमेल टाकला. दोन्हीचे स्पेलिंग तिच्याकडूनच तपासून घेतले.

सोमवार, ३० सप्टेंबर

युनिट मिळाले. भाव १८२.४०. साडेचार रुपये मुद्रांक शुल्क कापून ४९३.३९६ युनिट. तीन आकडे दशांशाच्या पुढे. बंकट मुकादमाच्या वहीत मोळ्या मोजताना पाच-पन्नास इकडेतिकडे होतात म्हणे. इथे एका बाईच्या पैशाचा हजारावा भागसुद्धा कुणीतरी लिहून ठेवला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

भाव १७१.०५. मावशींचे ८४,३९५. म्हणजे ५,६०५ कमी. माझेही कमी झाले, पण माझ्या पैशाची मला भीती वाटत नाही, हे आजच कळले.

सर म्हणाले, विकल्याशिवाय काही जात नसते. मग ते जेवायला गेले. त्यांना जेवण जाते.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काल मतदान झाले, आज टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या. पत्रे, चूल, पिठाचे डबे, कोंबड्या. मी नाक्यावर उभा होतो. छबुबाई वर सामानावर बसल्या होत्या. बंकट मुकादम मोटारसायकलवरून नावे वाचत होता आणि एक जोडपे आले नव्हते म्हणून ओरडत होता, "कुठं मेला बे सटवा, फोन लाव त्याला."

मावशींनी वरून मला हाक मारली. "सत्यम, माझ्या टोळीवर ध्यान ठेव."

बायका हसल्या. त्यांना वाटले थट्टा आहे. मी रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच वाक्याचा विचार करत होतो. मी नऊ वर्षांचा असताना आईबरोबर अशाच ट्रॉलीत बसून गेलो होतो. तेव्हा वरून माणसे किती लहान दिसतात ते आठवते.

रविवार, १५ डिसेंबर

मावशींचा कारखान्याकडून फोन. कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, रेंज नाही, टाकीवर चढून बोलत होत्या. म्हणाल्या, "सगळे कामावर हायेत न्हवं?"

मी म्हणालो, सगळे कामावर आहेत. आणि ते खरे होते. भाव १८०.९०. जवळजवळ सगळे भरून आले. फोन ठेवल्यावर मी बाहेर येऊन उगीच रस्त्यावर फिरलो. महिन्यापूर्वी कुणी काय बिघडवले आणि आता कुणी काय दुरुस्त केले, हे पेपरात चार माणसांनी चार प्रकारे लिहिले आहे. मला वाटते कुणालाच माहीत नाही. इतकी मोठी गोष्ट कुणालाच माहीत नसताना चालते, आणि तरी दर संध्याकाळी तिचा भाव दोन दशांशांपर्यंत अचूक निघतो.

सोमवार, १३ जानेवारी २०२५

१६२.१०. मावशींचे ८० हजारांच्या आत. ७९,९७९.

आज ऑफिसात नऊ जण आले. चौसाळ्याहून एक दुकानदार गाडी करून आला. सगळ्यांना काढायचे होते. सर प्रत्येकाला तेच सांगत होते, न थकता, आवाज न चढवता. मी सहा जणांचे काढायचे फॉर्म भरले. सहा वेळा एकाच तारखेला तोटा लिहिला. अक्षर चांगले आले.

उद्या संक्रांत.

रविवार, १९ जानेवारी

मावशींचा फोन. "टोळी कशी हाय?"

मी म्हणालो, चालली आहे.

"कुनी पळून गेलं न्हाई ना?"

नाही, म्हणालो. हे खोटे आहे का? सदुसष्ट कंपन्या आहेत तिथेच आहेत. पण त्या जे विचारत होत्या त्याचे हे उत्तर नव्हते. खाली लिहून ठेवतो: आज मी छबुबाईंशी खोटे बोललो, पहिल्यांदा.

रविवार, २ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा. त्या माझ्या जेवणाची चौकशी करत होत्या. का कोण जाणे.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बारावीचा पहिला पेपर, इंग्रजी. पेपर सुटल्यावर करिष्मा ऑफिसात झेरॉक्स काढायला आली. तिने विचारले, "आज किती?" मला वाटले झेरॉक्सचे पैसे विचारते. म्हणालो, पानाला दोन रुपये. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

जाताना म्हणाली, तुमचे डोळे लाल झालेत, झोपत जा. तिच्या हातात फोन होता आणि ती हसल्यासारखी वाटली. परीक्षेच्या दिवसांत मुलीला एवढे निश्चिंत बघून मला बरे वाटले. तिला तरी काही कळायला नको.

भाव १४७.२०. मावशींचे ७२,६२८.

आज दुपारी मी यादीतल्या कंपन्यांची नावे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. पंपाचे भाग करणारी कंपनी कोइमतूरला आहे. तिथे आज सकाळी माणसे डबा घेऊन कामावर गेली असतील. मशीन तेच, माणसे तीच, पंप तोच. किंमत मात्र सप्टेंबरपेक्षा पाचव्या हिश्श्याने कमी. धर्मापुरीच्या जुन्या देवळाचे दगड बघताना जसे वाटते तसे वाटले. कुणी रचले, कसे उभे राहिले, आपल्याला एवढेच कळते की आपण खाली उभे आहोत.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

फार वाईट दिवस. दोन्ही बातम्या आजच आल्या.

पहिली, पट्टा पडला. म्हणजे कारखाना बंद. यंदा ऊस कमी होता, हंगाम लवकर आटोपला. टोळ्या तीन-चार दिवसांत परत येतील. तोडणीत एक रीत आहे, पट्टा पडला की हिशोब. मुकादम वही घेऊन बसतो, उचल किती, काम किती, एकेक कोयत्याचा निकाल लावतो. मावशी आल्या की माझ्यासमोर बसतील आणि त्यांच्या टोळीचा हिशोब मागतील. त्यांच्या लेखी हंगाम संपला. त्यांना बाजाराचा हंगाम वेगळा असतो हे मी कधीच सांगितले नाही.

दुसरी, बाजार पुन्हा कोसळला.

दोन वाजेपर्यंत मी आकडेमोड केली. मग अडीच वाजता माझ्या फंडातून बावीस हजार काढायचा अर्ज टाकला. तीनच्या आत टाकला म्हणजे आजचाच भाव लागतो. मला सेकंडहँड मोटारसायकल घ्यायची होती. सायकलवर सात गावे होत नाहीत. पण मावशींना मी म्हणालो होतो की कमी होणार नाही. जेवढे कमी आहे तेवढे रोख देईन आणि सांगेन की कंपनीने बोनस दिला. त्या वाचत नाहीत. त्यांना खरे वाटेल.

सरांना सांगितले नाही.

शनिवार, १ मार्च

काल लागलेला भाव १३८.६०. माझे १५८.७३० युनिट गेले.

बुधवार, ५ मार्च

सावकाश आणि क्रमाने लिहितो, नाहीतर काही राहील.

पैसे काल बँकेत आले, सकाळी काढले. कालचा भाव १३७.५०, मावशींचे ६७,८४२. म्हणजे कमी २२,१५८. माझे बावीस हजार. वरचे १५८ खिशातले घातले. पाकीट बंद केले.

साडेदहाला मावशी आल्या. चेहरा काळवंडलेला, हाताला चिंध्या बांधलेल्या. बरोबर राधाकिशन आणि करिष्मा. राधाकिशन दारातच बसले, ते फार बोलत नाहीत. सर आत होते. मावशींनी आल्या आल्या स्वतःचा निकाल सांगितला. हंगाम छोटा झाला, उचल फिटली नाही, बंकटने सव्वीस हजार बाकी काढली. बाकी फिरली. म्हणजे ती पुढच्या हंगामावर गेली, आणि दोघांना पुन्हा जावे लागणार, त्याच मुकादमाकडे. हे त्यांनी असे सांगितले जसे कुणी पावणे आले होते म्हणून सांगावे.

मग म्हणाल्या, "आता माझ्या टोळीचा सांग."

मी पाठ केलेले बोलायला लागलो. कंपनीने यंदा बोनस दिला आहे, एवढे म्हणालो आणि पाकीट पुढे केले.

मावशींनी पाकिटाला हात लावला नाही. करिष्माकडे बघितले. करिष्मा फोन न बघताच म्हणाली, "सदुसष्ट हजार आठशे बेचाळीस. कालच्या भावानं."

मी पाकीट मागे घेतले.

ती म्हणाली, "सत्यमदादा, फॉर्मवर माझा नंबर तुमीच टाकलेला. सगळं मला येतं. तुमी रविवारी आईला चालली हाय म्हणायचे, आन सोमवारी मी खरा आकडा सांगायचे."

मावशींना सगळे माहीत होते. नोव्हेंबरपासून. प्रत्येक आकडा. मग दर रविवारी टाकीवर चढून मला फोन कशाला करत होत्या, हे मी विचारले.

"टोळीवर ठेवलेला माणूस पळाला का हाय, ते बघाया," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज दर खेपेला बारीक व्हायला लागला. हिला म्हणलं, तो झोपतो का बघ."

राधाकिशन दारात हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितले.

मग मावशींनी पाकिटात काय आहे ते विचारले. मी खरे सांगितले, मोटारसायकलचे पैसे, १५८ रुपयांसकट. त्या एकदम रागावल्या. "तू कावून भरणार? तू जामीन राहिलतास का त्यांचा? कुनी सही घेतलीती?"

मी म्हणालो, मीच म्हणालो होतो कमी होणार नाही म्हणून.

"तू म्हणलास, आन मी ऐकलं व्हय? मी एकोणीस हंगाम काढले, बाळा. कमी होत न्हाई असं काय हाय मला दाखीव. मी तुझं तोंड बघून न्हाई टाकले. तुझे बी त्यात होते म्हणून टाकले."

हे मला जोरात लागले. कारण आता माझे त्यात पहिल्याइतके नव्हते. मीच काढले होते.

आतून सर आले होते. ते दाराला टेकून ऐकत होते. त्यांनी मला ओरडायला हवे होते, पण ते मावशींना म्हणाले की आज काढले तर एवढे मिळतील, वर्षाच्या आत आहे म्हणून शेकडा एक कापला जाईल, आणि थांबले तर काय होईल ते मी सांगू शकत नाही. वाढेल असे मी म्हणणार नाही. फी जुलैत लागेल, तेव्हाही कमीच असेल असे होऊ शकते.

मावशींनी हाताच्या चिंध्या नीट केल्या.

"माझा कोयता कमी पडला, तर बंकटनं काय केलं? घर विकाया लावलं का? बाकी फिरवली. लई मोठा माणूस हाय म्हणून न्हाई. त्याला ठावं हाय, हंगाम एकसारखा नसतोय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यांची बी फिरव. बावीस हजार एकशे अठ्ठावन. लिव्ह."

मी विचारले, कुठे लिहू?

"तुझ्या वहीत. आन्‌ कुठं."

म्हणून इथे लिहितो. ५ मार्च २०२५. सदुसष्ट कंपन्यांकडे छबुबाईंची बाकी रुपये २२,१५८. फिरवली.

त्या गेल्या तेव्हा मी उभा राहिलो होतो. सरही उभे होते. ज्या बाईला आयुष्यभर दुसऱ्याने बाकी फिरवून दिली, तिने आज एवढ्या मोठ्या बाजाराला मुदत दिली, आणि देताना तिचा हात दुखत होता. मी हे पुन्हा बघेन असे वाटत नाही. सर एवढेच म्हणाले, "तुझे पैसे परत टाक, आजच." मी हो म्हणालो.

टाकले नाहीत. अजून पडेल असे वाटले.

बुधवार, १९ मार्च

रोज चढतोय. रोज तेवढ्याच बावीस हजारात किती कमी युनिट येतील ते लिहितो. घाबरून काढले ते एक, आणि आता घाबरून टाकत नाही ते दुसरे. मावशी दर दोन दिवसांनी ऑफिससमोरून खुरपणीला जातात आणि हात वर करतात.

सोमवार, ७ एप्रिल

अमेरिकेने सगळ्या जगावर कर लावला आणि आज सकाळी बाजार उघडताच दरी पडल्यासारखा खाली गेला. दहा वाजेपर्यंत ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्या देशाचा नकाशा मला नीट काढता येत नाही, तिथे काहीतरी ठरले आणि सिरसाळ्याच्या नाक्यावरचा एक दुकानदार चप्पल न घालता धावत आला. भीती वाटली, पण तिच्याहून जास्त काहीतरी वाटले. पूर आलेल्या नदीच्या काठी उभे राहावे, तसे.

गर्दीत मावशी आल्या, खुरपे हातात. मला वाटले आता तरी काढतील. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "आज सस्तं हाय का?"

हो, म्हणालो.

"मग तुझं पाकीट अजून तुझ्याजवळच हाय म्हण की."

त्यांना कसे कळले, माहीत नाही. माझ्या तोंडावर असेल. त्या एवढे बोलून परत शेतावर गेल्या. एक वाजून चाळीस मिनिटांनी मी बावीस हजार पुन्हा टाकले. स्पेलिंगची चूक नाही.

सोमवार, ५ मे

करिष्मा ७१.३३ टक्क्यांनी पास. मावशींनी ऑफिसात पेढे वाटले. चौसाळ्याच्या दुकानदाराला माझ्या हाताने दोन दिले, त्याने विचारले कशाचे. मी म्हणालो, टोळीचे.

मंगळवार, १५ जुलै

काल अंबाजोगाईला जाऊन आलो. नर्सिंगच्या कॉलेजात करिष्माची जागा धरली, पहिला हप्ता पस्तीस हजार भरला. फॉर्म मी भरला. क्लार्कने वर बघून विचारले, अक्षर कुणाचे आहे. मावशींनी पावती दोन्ही हातांनी धरली आणि बसमध्ये घडी न करता मांडीवर ठेवून आणली. सर्व काढायचे का असे मी विचारले होते. म्हणाल्या, लागतील तेवढेच काढ, बाकीच्यांचे काम चालू हाय.

हिशोब.

माझा: २८ फेब्रुवारीला काढलेले युनिट १५८.७३०. त्याच पैशात ७ एप्रिलला मिळालेले १५२.४५३. कमी आले ६.२७७ युनिट, ९ जुलैच्या भावाने रु. १,१२१. हे कुणाकडून येणे नाही. मोटारसायकल अजून घेतली नाही.

कालचे बसभाडे मावशींनी दिले. माझ्याकडून देणे रु. १७०.

मावशींचा: घातले ९०,०००. ९ जुलैच्या भावाने, १७८.६०, एकूण झाले ८८,१२०. फीसाठी काढले ३५,३५४, त्यात कापले गेले ३५४, हातात ३५,०००. मागे राहिले २९५.४४५ युनिट, म्हणजे रु. ५२,७६६.

मावशींचे बंकट मुकादमाला देणे रु. २६,०००. सदुसष्ट कंपन्यांचे मावशींना देणे रु. १,८८०. दोन्ही पुढच्या हंगामावर.